टेस्टर लाव

१२ जून

प्रिय वन्सं,

फोनवर विषय काढला की तुम्ही "हो गं, बघू" म्हणून हवापाण्यावर येता, म्हणून हे कागदावर. कागदाला "बघू" म्हणून ठेवून देता येत नाही. निदान तुम्हाला तरी येणार नाही असं धरून चालते.

आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचा परवाना ह्यांच्या नावावर होता. हे गेले तसा तोही गेला. ऑफिसातले साहेब माणूस म्हणून चांगले आहेत. म्हणाले, वर्षअखेरपर्यंत दुकान चालू ठेवा, तेवढ्यात तुमच्या नावाने परवाना काढा, नाहीतर शटर खाली. लेखी परीक्षा मी दिली आणि पास झाले. माझ्या वाचनाच्या वेडाला तुम्ही सगळे हसायचात, ते एकदाचं कामी आलं. आता एकच गोष्ट राहिली आहे. मी हे काम कुणाच्या हाताखाली शिकले, ते एखाद्या परवानाधारकाने सही करून सांगायचं. आणि त्याने ते स्वतः पाहिलेलं असायला हवं.

इथलं कोण सही करणार? कोपऱ्यावरच्या वायरमनचा आपल्या गाळ्यावर डोळा आहे. तो ज्याला त्याला सांगत सुटलाय, "बाईंना काय येतंय, बाई चहा द्यायच्या." राहिलात तुम्ही. तुमचा परवाना मी मागतेय त्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा. तुम्ही ह्यांच्या सख्ख्या बहीण. आणि सुट्टीला आलात की दुकानातच बसायचात. दोन ओळी लिहा, की ही माझ्या भावाच्या हाताखाली काम शिकली, मी पाहिलं आहे. एवढंच.

बाकी दुकान चाललंय. पंखे येतात, पंपाच्या मोटरी येतात. ह्यांचा स्क्रूड्रायव्हर मी वापरते. मुठीवर त्यांच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे, त्यात माझा अंगठा सैल बसतो. कामाला अडत नाही.

तुमचं ते लहानपणी शेगडीवर भाजलेलं बोट कसं आहे? थंडीत दुखतं, तेव्हा विचारायचं राहून गेलं. हे असते तर त्यांनी मला दहादा आठवण केली असती.

तुमची,
वहिनी

---

२५ जून

वहिनी,

तुझं पत्र जनरेटरच्या खोलीत वाचलं. आमच्या इस्पितळात तेवढी एकच खोली आहे जिथे कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. परीक्षा पास झालीस, शाब्बास! आई असती तर म्हणाली असती, "मी म्हटलंच होतं, पुस्तकं वाचून वाचून ही बाई एक दिवस काहीतरी करणार." म्हटलं नव्हतंच, पण म्हणाली असती.

आता सहीचं. वहिनी, राग मानू नकोस. माझ्या सहीवर इथे ऑपरेशनचे दिवे लागतात. मी न पाहिलेल्या गोष्टीखाली कधी सही केलेली नाही, आणि मी काय पाहिलंय ते तुलाही माहीत आहे. मी येऊन बसायचे तेव्हा तू मागच्या टेबलाशी जळकी तार सोडवत असायचीस, नाहीतर कप विसळत. दादा तुला एक अक्षर समजावून सांगताना मी पाहिला नाही. खरं सांग, सांगायचा?

मी कशी शिकले ते ऐक, म्हणजे मी काय विचारतेय ते कळेल. दादा तेव्हा एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे मदतनीस होता. दिवसभर शिड्या वाहायचा, संध्याकाळी आला की मला गच्चीवर न्यायचा आणि दिवसभरात जे जे पाहिलं ते सगळं मला सांगायचा. खडूने गच्चीच्या फरशीवर घर काढायचा, त्यात तारा. म्हणायचा, "वीज म्हणजे घाईतला माणूस गं. जवळची वाट दिसली की लांबची धरत नाही. तू तेवढी जवळची वाट होऊ नकोस." म्हणायचा, "लाल तार कामाला निघालेली, काळी दमून घरी परतणारी." तोंडाचा पट्टा बंद म्हणून नाही. खालून आई ओरडायची, "अरे, तिला जेवायला तरी सोड!" मी जी इलेक्ट्रिशियन झाले ती त्या गच्चीवर. प्रशिक्षण संस्थेत नंतर नुसता शिक्का बसला. आमच्या इथे नवीन पोरं विचारतात, बाई, तुम्ही या धंद्यात कशा? मी सांगते, माझ्या भावाने शिकवलं.

तर तू मला लिही, दादाने तुला काय सांगितलं. दोन-चार गोष्टी. मला त्यात तो दिसला की सही करून पाठवते.

आणि एक मागू? त्याची ती जुनी पक्कड, मुठींवर सायकलची ट्यूब चढवलेली. ती मला दे. तुझ्याकडे त्याचं सगळंच आहे.

बोट ठीक आहे.

तुझी नणंद

---

२ जुलै

वन्सं,

पत्र दुकानात आलं. वाचलं, आणि भरदुपारी शटर ओढून घेतलं. शेजारचा शिंपी बाहेरून विचारतो, "वहिनी, लाइट गेली का?" म्हटलं, "नाही, यायची आहे." तो हसला. मला हसू आलं नाही.

गच्ची! इतकी वर्षं संसार केला, मला ह्या गच्चीबद्दल कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. खडू काय, घर काय, घाईतला माणूस काय. वन्सं, मी ज्या माणसाबरोबर राहिले तो भाजीत मीठ कमी असलं तर मीठ घ्यायला उठायचा, पण "मीठ कमी आहे" म्हणायचा नाही. त्यांच्या तोंडाला पट्टा होता हेच मला तुमच्याकडून कळलं. तुमच्याशी बोलून बोलून संपले असतील शब्द. मी आले तेव्हा डबा खरवडलेला.

तुम्ही त्यांना "अरे दादा" म्हणत गळ्यात पडायचात. मी "अहो" म्हणून दारात उभी.

मी कशी शिकले ते विचारलंत. लिहिते. दुपारचा डबा घेऊन जायचे, ते जेवेपर्यंत बसायचे. बसून काय करणार, जळक्या मोटरीतली तार सोडवायला लागले. त्यांनी "कर" म्हटलं नाही आणि "नको"ही म्हटलं नाही. मग एक दिवस आले तर माझ्यासाठी वेगळं टेबल टाकलेलं, त्यावर उघडलेला पंखा. सांगितलं काहीच नाही. मी तारेचे वेढे मोजले, तेवढेच नवे घातले. चुकले की ते कॉइल उचलून, बघून, पुन्हा माझ्यासमोर ठेवायचे. कुठे चुकलं ते सांगायचं नाही. मी अख्खी उकलायची, पुन्हा घालायची. शेवटी वाचनालयातून मोटरींचं पुस्तक आणलं, कारण पुस्तक निदान बोलायचं. माझं इंग्रजी सगळं मोटरींवरच्या पाट्यांवर झालंय.

आणि घरांच्या वायरिंगला बरोबर न्यायला लागले तेव्हाचं ऐका. मी विचारायचे, "अहो, ही तार कसली?" ते म्हणायचे, "टेस्टर लाव." त्यांना माहीत असायचं हो! स्वतः ओढलेली तार असायची. तरी "टेस्टर लाव." लावला की, "आधी चालू प्लगात लावलास का?" म्हणजे टेस्टर स्वतः जिवंत आहे का ते बघायचं. मग तारेला. मग पुन्हा चालू प्लगात, मधल्यामध्ये तो मेला नाही ना म्हणून. दर वेळी, दर तारेला. गिऱ्हाईक बघत उभं असायचं आणि मी शाळेतल्या पोरीसारखी इथून तिथे, तिथून इथे. हे मागे उभे राहून माझ्या हातांकडे टक लावून बघायचे. चूक शोधायला. एकदा मी गिऱ्हाइकासमोरच म्हटलं, "एवढं तोंडाने सांगायला काय दुखतं का तुमचं?" पिशवी उचलून बाहेर जाऊन उभे राहिले. घरी येईपर्यंत गप्प. घरी आल्यावरही, पण ते नेहमीचंच.

तुम्हाला दोन-चार गोष्टी हव्यात. माझ्याकडे ही एकच आहे, दोन शब्दांची. ह्यात ते दिसले तर बघा.

पक्कड देणार नाही. माझ्याकडे सगळं आहे म्हणता, पण तुम्ही सांगितलेल्यातलं माझ्याकडे काहीच नाही. मग निदान पक्कड तरी राहू दे.

वहिनी

---

३० जुलै

वहिनी,

उत्तराला उशीर केला. राग शांत व्हायची वाट बघत होते. झाला नाही, म्हणून तसंच लिहिते.

"टेस्टर लाव" याला शिकवणं म्हणत नाहीत. ते मी इथल्या शिपायालाही सांगते.

तुला गच्चीचा हेवा वाटतो. मला तुझ्या टेबलाचा वाटतो, हे कधी मनात आलं तुझ्या? माझं संस्थेतलं शिक्षण संपलं तेव्हा मी दादाला म्हणाले होते, "दादा, मी कुठे नोकरी शोधत नाही, आपण दोघं मिळून दुकान चालवू." तो म्हणाला, "जागा लहान आहे." तेवढंच. मान खाली घालून पंख्याच्या पात्या पुसत राहिला. मी बॅग भरली आणि इतक्या लांब नोकरीला आले. पुढच्या वर्षी सुट्टीला येते तर त्याच दुकानात तुझं टेबल. जागा माझ्यासाठी लहान होती, तुझ्यासाठी कशी मोठी झाली गं?

मी दर सुट्टीत तिथे येऊन बसायचे ते काय गप्पा मारायला? मी बघायचे. तू त्याच्या हत्यारांना हात लावायचीस, तो काही म्हणायचा नाही. मी स्टुलावर चढले तरी त्याचा चेहरा बदलायचा, म्हणायचा, "खाली उतर, कपडे खराब होतील." मी मोठ्या इस्पितळाची वायरिंग सांभाळणारी बाई, आणि माझे कपडे खराब होतील!

सही मला करता येणार नाही. मी जे पाहिलं त्यात शिकवणं नव्हतं. तुला त्याने जवळ बसवलं, ती गोष्ट वेगळी. त्यावर परवाना निघत नाही.

पक्कड ठेव.

नणंद

---

१९ ऑगस्ट

वन्सं,

पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सही मागायला लिहीत नाही, ते आधीच सांगते. ती गोष्ट माझ्या बाजूने संपली. परवा कोपऱ्यावरचा वायरमन आपल्या दुकानासमोर उभा राहून पावलांनी गाळ्याची रुंदी मोजून गेला. मी आतून बघत होते. म्हटलं, "टेप देऊ का?" तर म्हणतो, "नको वहिनी, अंदाजच घ्यायचा होता." इतकं झालंय.

टेबलाचं मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही दुकान मागितलं होतं हेही नाही. मला कोण सांगणार होतं?

आता कालची गोष्ट. ती दुसऱ्या कुणाला सांगावी तर कळणार नाही, म्हणून तुम्हाला. गल्लीच्या तोंडाशी, शिंप्याच्या पलीकडे, इस्त्रीवाला आहे. त्याच्या इस्त्रीचा प्लग जळला म्हणून बोलावलं. जाऊन बघते तर बटण बंद, प्लगाची पाटी उघडी, आतून काळी तार बाहेर लोंबतेय. मी पिशवीतून टेस्टर काढायला लागले तर तो म्हणतो, "अहो, काळी आहे ती. बटणही बंद आहे. घ्या बिनधास्त हातात, मी रोज हातानेच आत ढकलतो."

मी शिंप्याच्या चालू प्लगात टेस्टर लावून आले. दिवा लागला. आले आणि काळ्या तारेला लावला. लागला. बटण बंद, तार काळी, आणि टेस्टरातला दिवा भक्क. पुन्हा शिंप्याच्या प्लगात जाऊन खात्री केली. मग मेन बंद केला आणि वर बघितलं, तर कुणी शहाण्याने मेनपाशीच लाल-काळी उलटी जोडून ठेवली होती. इस्त्रीवाल्याला म्हटलं, "तुमच्या चपला दाखवा." जाड रबराच्या. पायाखाली लाकडाची फळी. म्हटलं, "दादा, तुम्ही रोज ह्या चपलांच्या पुण्याईने घरी जाता." तो बिचारा टेबलावर टेकला, आणि पहिल्यांदा काय म्हणाला असेल? "म्हणजे ह्या चपला आता टाकायच्या नाहीत ना?"

काम नीट उरकून दिलं. घरी येऊन मात्र मला इतका राग आला वन्सं, की मी स्वयंपाकही केला नाही. राग त्यांचा. काळी तार समोर लोंबत होती, तो माणूस "घ्या हातात" म्हणत होता, त्या घटकेला मला ह्यांचा आवाज ऐकू आला. स्पष्ट, इथे मागे उभे असल्यासारखा. गेल्यापासून पहिल्यांदा. आणि आला तोही दोनच शब्दांचा. आणखी काही बोलले असते तर मी ऐकत उभी राहिले असते.

तुमच्याकडे त्यांचं गच्चीभर बोलणं आहे. माझ्याकडे दोन शब्द. तेही तुम्ही शिपायाला देऊन टाकलेत.

वहिनी

---

२४ ऑगस्ट

वहिनी,

पत्र आज आलं. आजच लिहितेय. अक्षर नीट नाही, चालवून घे.

माझं बोट शेगडीवर भाजलेलं नाही.

गच्चीच्या दिवसांतलीच गोष्ट. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातला दिव्याचा होल्डर बदलायचा होता. मी म्हटलं, दादा, आज मी करते, तू नुसता बघ. त्याला केवढा अभिमान! काकूंना म्हणाला, "बघा आता आमची मिस्त्रीण." मी बटण बंद केलं, स्टुलावर चढले, जुना होल्डर सोडवला. दादा नवा काढायला पिशवीकडे वळला. लाल तारेला मी शिवले नाही, मला सगळं पाठ होतं. काळी बोटात धरली. तुला मी गच्चीवरचं ते वाक्य लिहिलं ना, लाल कामाला निघालेली, काळी दमून घरी परतणारी? ते अर्धंच लिहिलं होतं. पुढे तो म्हणायचा, "दमलेल्याची काय भीती? तिला खुशाल हात लाव."

तुझ्या इस्त्रीवाल्याकडे होतं तेच. आधीच्या कुणी तारा उलट्या जोडलेल्या. बटण बंद होतं, तरी काळीत वीज उभीच.

मी कुठे पडले ते आठवत नाही. दादा माझ्या तोंडावर पाणी मारत होता ते आठवतं. रडत नव्हता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी सांगितलं म्हणून. मी सांगितलं म्हणून." घरी शेगडी असं सांगायचं त्यानेच ठरवलं, आणि काकूंनी आमची पाठराखण केली.

त्यानंतर गच्ची बंद झाली. मी खडू घेऊन वर जाऊन बसायचे, तो यायचा नाही. काही विचारलं तर म्हणायचा, "विसरलो." मिस्त्रीकडून आला की तोंड धुऊन गप्प. मला वाटलं, मी मूर्ख निघाले म्हणून त्याने मला सोडून दिलं. म्हणून हट्टाने संस्थेत गेले, त्याच्यापेक्षा वरचा परवाना काढला, आणि सगळ्यांना सांगत राहिले की भावाने शिकवलं. तेवढीच काय ती गच्ची जिवंत.

आता ऐक. "टेस्टर लाव" हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, वहिनी. एकदाही नाही. तेव्हा त्याला ते माहीतच नव्हतं. आधी चालू प्लगात, मग तारेला, मग पुन्हा प्लगात, हे मी संस्थेत शिकले. तो कुठे शिकला? माझ्या बोटावर. आणि मग तुला एकही वाक्य असं सांगायला तयार झाला नाही की ज्यावर विसंबून तू तारेला हात लावशील. तू विचारायचीस, त्याला उत्तर माहीत असायचं, आणि तो दात आवळून "टेस्टर लाव" म्हणायचा. गिऱ्हाइकासमोर तू त्याला बोललीस तेव्हाही त्याने सांगितलं नाही. त्याच्यासारख्या बडबड्या माणसाने! ते त्याला किती जड गेलं असेल, तुला माहीत नाही. तू त्याला बडबडताना पाहिलेलंच नाहीस.

मला त्याने गोष्टी सांगितल्या. शिकवलं तुला.

हे वाचून तुला वाटेल मी मोठ्या मनाने लिहितेय. नाही. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा हेच मनात आलं: बोट माझं, आणि त्याच्यावर आलेलं शहाणपण तुझ्या पदरात. मी पाव तास जनरेटरशी भांडले. मग वर जाऊन सही केली.

सोबत कागद आहे. त्यात लिहिलंय, "ही माझ्या भावाच्या हाताखाली काम शिकली. मी पाहिले आहे." पाहिलंच होतं, कळलं नव्हतं. त्या कोपऱ्यावरच्याला म्हणावं, मापं घ्यायची तर स्वतःच्या दुकानाची घे.

तुझी,
नणंद

---

८ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

परवाना मिळाला. साहेबांनी तुमचा कागद वाचला आणि विचारलं, "पतीकडे शिकलात म्हणजे घरचंच शिक्षण, सोपं गेलं असेल." मी "हो" म्हटलं. साहेबांना काय सांगत बसणार.

कोपऱ्यावरचा वायरमन पेढी बंद झाल्यासारखा चेहरा करून अभिनंदन करून गेला. परवा स्वतःच एक पंपाची मोटर घेऊन आला. तारांची टोकं बाहेर काढलेली, खुणेच्या पट्ट्या गळून गेलेल्या. "वहिनी, ह्यातली मोटर सुरू करणारी तार कुठली हो?" मला एका नजरेत कळलं होतं. तोंड उघडलं सांगायला आणि मिटलं. तपासायचा दिवा आणि तार त्याच्यापुढे सरकवली, म्हटलं, "लावून बघ." तो म्हणाला, "तुम्हीही अगदी साहेबांसारख्याच खडूस." साहेब म्हणजे हे. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा दिला. आता खुशाल सांगू दे, बाई चहा देतात.

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी जळत होते. अजून जळते आहे. तुम्ही मन मोकळं केलंत म्हणून मीही खोटं लिहिणार नाही. दर थंडीत हे मला म्हणायचे, "तिला बोटाचं विचार." मला वाटायचं, किती मायाळू भाऊ. एका घरात आम्ही राहत होतो आणि त्या बोटाशी ते रोज एकटेच बोलत होते. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? त्यांना थोडं हलकं वाटलं असतं. तेवढाही हक्क तुमच्याकडे गेला. तुम्हाला झटका बसला त्याचाही मला हेवा वाटतो, म्हणजे बघा मी किती खालच्या पायरीला पोचले आहे.

पण एक गोष्ट आता वेगळी दिसते. ते माझ्या मागे उभे राहून हातांकडे टक लावून बघायचे ना? मला वाटायचं चूक शोधतायत. आता वाटतं, बोटं मोजत असतील.

सोबत पक्कड पाठवते. ट्यूब फाटली होती, मी नवी चढवली आहे, जुनी आत तशीच ठेवून. ती ह्यांच्या हातची. वापरा, कपाटात ठेवू नका. आणि सुट्टीला या तेव्हा दुकानात बसायला नको, काम करायला या. मागच्या भिंतीपाशी दुसरं टेबल मावतं. मी टेपने मोजलंय. स्टुलावर मी चढेन, तुम्ही हवं तर माझा हात बघा.

ह्याच्या बदल्यात मला एक द्यायचं. पक्कड फुकट नाही.

गच्ची द्या. जेवढी आठवेल तेवढी, एका वेळी एक. खडूने काय काढायचे, कुठे उभे राहायचे, कशावर हसायचे. तुमच्या शब्दांत नको, त्यांच्या. "अगं" म्हणाले असतील तर "अगं"सकट लिहा. जिथे आठवत नाही तिथे कागद कोरा सोडा, मनचं घालू नका. मी पुस्तकं वाचून वाचून मोठी झालेली बाई आहे, भर घातलेली मला कळते. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा वाचत जाईन. माझ्याशी ते बोलले नाहीत ते का, हे मला आता माहीत आहे. तरी मला ऐकायचं आहे.

सुरुवात दमून घरी परतणाऱ्या तारेपासून करा. ते चूक होतं, ठाऊक आहे मला. तरी आधी तेच लिहा.

तुमची,
वहिनी